लेकीच्या लसी: साताऱ्याहून टेक्सासला जाण्याआधीचे चार महिने

एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात लेकीला विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राकडून एक ईमेल आला. एम.एस.चा प्रवेश मार्चमध्येच नक्की झाला होता, व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद, म्हणजे आय-ट्वेंटीही, आला होता. घरात शैक्षणिक कर्जाची फाइल, व्हिसाचा अर्ज आणि राहण्याची सोय यांच्यापलीकडे कुणी काही बोलत नव्हतं. त्या ईमेलमध्ये एक ओळ ठळक अक्षरांत होती: लसीकरणाचे कागद मंजूर होईपर्यंत विषयांची नोंदणी करता येणार नाही.

आमच्या ओळखीतली चार मुलं याआधी अमेरिकेला गेलेली. त्यांच्या घरी फोन केले तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कुणी म्हणालं, तिथे गेल्यावर घेतात सगळे. कुणी म्हणालं, व्हिसाच्या मुलाखतीला हे कागद लागतात. आणि एका वहिनींनी तर मुलाला सगळ्या लसी पहिल्यापासून पुन्हा दिल्या होत्या. म्हणून आम्ही जे केलं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. प्रत्येक विद्यापीठाची यादी निराळी असते, पण कामाचा क्रम बहुतेकांना उपयोगी पडेल.

व्हिसाचं आधीच सांगून टाकते. विद्यार्थी व्हिसासाठी, म्हणजे एफ-१ साठी, लसीकरणाचा कागद लागत नाही. तो नियम कायमचं स्थलांतर करणाऱ्यांच्या व्हिसाला आहे. आपल्या मुलांना लसी लागतात त्या विद्यापीठाच्या आणि त्या राज्याच्या नियमांमुळे. त्यामुळे यादी शोधायची ती विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राच्या पोर्टलवर, एजंटच्या पत्रकात नव्हे.

लेकीच्या पोर्टलवर तीन गोष्टी सक्तीच्या होत्या: मेंदूज्वराची मेनिंगोकॉकल लस, एमएमआरचे (गोवर-गालगुंड-रुबेला) दोन डोस आणि टीबीची रक्तचाचणी. 'शिफारस' या रकान्यात धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला यांची टीडॅप, कावीळ-बी आणि कांजिण्या. सत्र २५ ऑगस्टला सुरू होणार होतं आणि १२ ऑगस्टचं मुंबईहून विमान धरायचं होतं.

मेंदूज्वराच्या लसीची सक्ती ही विद्यापीठाची नसून टेक्सास राज्याचा कायदाच आहे. २२ वर्षांखालच्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने ती गेल्या पाच वर्षांत घेतलेली असली पाहिजे, आणि तीही सत्र सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी. लेक नोव्हेंबर २००३ ची, म्हणजे ऑगस्टमध्ये एकवीस पूर्ण, बावीसला तीन महिने कमी. मला सवय आहे, नियम का आहे ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. त्या कायद्याला दोन विद्यार्थ्यांची नावं आहेत. जेमी शॅनबॉम ही ऑस्टिनच्या विद्यापीठातली मुलगी. २००८ साली तिला हा मेंदूज्वर झाला, ती वाचली, पण दोन्ही पाय गुडघ्याखाली आणि हातांची बोटं गेली. २००९ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला, तो वसतिगृहात राहणाऱ्यांपुरता. २०११ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा विद्यार्थी निकोलिस विल्यम्स याच आजाराने गेला. तो वसतिगृहात राहत नव्हता. मग कायदा सगळ्या नव्या विद्यार्थ्यांना लागू केला आणि त्याचंही नाव जोडलं. हे वाचल्यावर 'आणखी एक कागद' म्हणून त्या लसीकडे बघणं माझ्याच्याने झालं नाही. तीन-चार मुली एका घरात राहणार, एकमेकींच्या बाटलीने पाणी पिणार, आणि हा आजार कधीकधी एका दिवसात माणूस नेतो.

आणि त्याच वर्षी टेक्सासच्या पश्चिम भागात गोवराची मोठी साथ चालू होती. जानेवारीत गेन्स काउंटीपासून, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यापासून, सुरू झाली आणि १८ ऑगस्टला संपल्याचं राज्याने जाहीर केलं, तोवर ७६२ रुग्णांची नोंद झाली होती आणि दोन लहान मुलं दगावली होती. गोवर म्हणजे आपल्याकडचा लहानपणीचा आजार, त्यासाठी अमेरिकेला जाताना लस कशाला, असं मला विचारणाऱ्यांना मी हेच सांगत होते.

पहिलं काम जुनं कार्ड शोधण्याचं. आमचं मिळालं, कपाटातल्या लोखंडी पेटीत, तिच्या जन्मदाखल्याच्या पाकिटात. पिवळसर झालेलं जाड कार्ड, घडीवर चिकटपट्टी लावलेली, आतल्या नोंदी अर्ध्या मराठीत: बीसीजी, त्रिगुणी, पोलिओ, गोवर. कावीळ-बीचे तीन डोस बालरोगतज्ज्ञांनी दिले होते, तेही लिहिलेले. त्या काळी ही लस सरकारी लसीकरणात सगळीकडे नव्हती, देशभर ती २०११ मध्ये आली. म्हणजे ज्यांच्या मुलांचं सगळं लसीकरण २००३ च्या आसपास सरकारी दवाखान्यात झालं, त्यांच्या कार्डावर ती नसण्याची शक्यता बरीच आहे. नसली तर तिला पूर्ण सहा महिने लागतात, कारण तिसरा डोस पहिल्यानंतर सहा महिन्यांनी असतो. ते आधीच बघून ठेवा.

कार्ड घेऊन ३ मे रोजी आम्ही तिच्या जुन्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. एकवीस वर्षांची मुलगी बाळांच्या रांगेत बसलेली, समोर एक आजीबाई नातवाला खुळखुळा वाजवून दाखवत होत्या. डॉक्टरांनी लेकीला ओळखलं. "वहिनी, कार्ड सांभाळलंत हे फार बरं केलंत," म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून एकेक ओळ बोटाने वाचायला लागले.

त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट मला नवी होती. आपल्याकडे गोवराची लस नवव्या महिन्यात देतात. कारण आपल्याकडे बाळांना गोवर लवकर गाठायचा. अमेरिकेत मात्र पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला डोस मोजतच नाहीत. लेकीचा ऑगस्ट २००४ चा गोवराचा डोस त्यामुळे बाद. फेब्रुवारी २००५ चा, पंधराव्या महिन्यातला एमएमआर ग्राह्य. म्हणजे दोनपैकी एक आहे, एक द्यायचा. कार्ड हरवलेलं असतं तर दोन्ही द्यावे लागले असते, आणि त्या दोघांत किमान २८ दिवसांचं अंतर लागलं असतं. काही जण त्याऐवजी रक्तात प्रतिपिंडं आहेत का ती तपासणी करतात. पण गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्हींची तपासणी लसीपेक्षा कितीतरी महाग पडते आणि एक डोस जास्त झाला तरी अपाय नसतो. "पुण्यात तयार होणारी लस आहे ही, आणि इथे स्वस्त मिळते. तपासणीत पैसे घालू नका," असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

धाकट्या मुलांच्या आईवडिलांसाठी अजून एक: २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली होती. माझ्या मुलाला तेव्हा शाळेत टोचलं होतं. लेक पंधरा पूर्ण झाल्याने त्यातून सुटली. त्या लसीत गालगुंड नाही. त्यामुळे जिथे एमएमआर मागतात तिथे तो डोस एमएमआर म्हणून चालत नाही. मुलाच्या फाइलवर मी आत्ताच तसं लिहून ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट टीडॅपची. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी तिला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलेलं होतं. त्यात डांग्या खोकल्याची लस नसते, म्हणून टीडॅप वेगळी घ्यावी लागली.

तिसरी गोष्ट मात्र सगळ्यात महत्त्वाची, आणि माझ्या मते हा सगळा लेख तिच्यासाठीच वाचावा. एमएमआर ही जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची लस आहे. ती दिल्यावर काही आठवडे टीबीच्या चाचणीचा निकाल चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून टीबीचं रक्त आधी द्यायचं, किंवा निदान त्याच दिवशी द्यायचं. आधी लस घेतली, तर चाचणीसाठी किमान चार आठवडे थांबावं लागतं. कांजिण्यांची लसही जिवंत आहे. ती एमएमआरबरोबर एकाच दिवशी तरी द्यायची, नाहीतर दोघांत २८ दिवस सोडायचे. घाईने कोणी मे महिन्यात एमएमआर, जूनमध्ये कांजिण्या, जुलैत टीबीची चाचणी असं करत गेलं तर ऑगस्ट उजाडतो. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला क्रम लिहून दिला: आधी रक्त, मग निकाल, मग जिवंत लसी. टीडॅप आणि मेंदूज्वर जिवंत नाहीत, त्या कधीही चालतील.

कांजिण्या तिला पाच वर्षांची असताना येऊन गेल्या होत्या. सासूबाईंनी उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला होता, त्याच पाण्याने आंघोळ घातली होती, ते मला लख्ख आठवतं. पण कागदावर कुठेच नोंद नाही. डॉक्टर म्हणाले, इथे मात्र तपासणी करू. निकाल चांगला आला तर दोन महाग इंजेक्शनं वाचतील.

९ मे रोजी सकाळी रक्त दिलं. टीबीची ही चाचणी आयजीआरए या नावाने मागायची. हातावर टोचून फुगवटा मोजायची जुनी पद्धत आपल्या मुलांसाठी बिनकामाची आहे. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, व्रण आहे आणि बीसीजीमुळे ती चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. तिच्या एका मैत्रिणीच्या विद्यापीठाला ही चाचणी अमेरिकेतच केलेली हवी होती. आमच्या विद्यापीठाला भारतातली, इंग्रजी रिपोर्टसह, चालत होती. पैसे भरण्याआधी हे पोर्टलवर वाचा.

रक्त चार छोट्या नळ्यांत घेतात. टोपणं राखाडी, हिरवं, पिवळं, जांभळं. प्रत्येकीत जेमतेम एक मिली. तंत्रज्ञ मुलीने चारही नळ्या हातात धरून खालीवर हलवल्या. आतल्या भिंतीला लावलेलं औषध रक्तात नीट मिसळावं लागतं, असं तिने सांगितलं. सोळा तासांच्या आत त्या नळ्या ३७ अंशांवर ठेवाव्या लागतात, म्हणून साताऱ्यातून नमुना त्याच संध्याकाळी पुण्याला जायला हवा. लॅबला आदल्या दिवशी फोन करून गाडी कोणत्या दिवशी जाते ते विचारा आणि शनिवार टाळा. चाचणीचे २,६०० रुपये, कांजिण्यांच्या तपासणीचे १,४०० रुपये. तिथून तशाच दवाखान्यात जाऊन टीडॅप घेतली, १,७०० रुपये. दंड दोन दिवस दुखला.

१४ मे रोजी दोन्ही निकाल मोबाइलवर आले. कांजिण्यांची प्रतिकारशक्ती होती. टीबीची चाचणी पॉझिटिव्ह होती. ०.३५ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरतात, तिचा आकडा १.१ होता.

इथे मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. लेकीला विचारून लिहिते आहे. तीच म्हणाली, "आई, अगं लिही, नाहीतर पुढची मुलगी माझ्यासारखी रात्रभर रडेल."

माझ्या माहेरी धाकट्या काकांना टीबी झाला होता. मी तेव्हा शाळेत होते. त्यांचं ताट-वाटी-तांब्या वेगळा, मागच्या पडवीत वेगळं अंथरूण, आणि पाहुणे आले की आजी सांगायची, "खोकला आहे जरा." काका बरे झाले, पुढे तीस वर्षं जगले, पण ते वेगळं ताट माझ्या मनातून गेलेलं नाही. मोबाइलवर तो शब्द वाचल्यावर पहिल्यांदा तेच डोळ्यांपुढे आलं. सासूबाईंनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "बाहेर कुणाला बोलू नका. पोरीचं लग्न व्हायचंय." त्यांची चूक नाही, त्यांनी जे पाहिलं त्यावरून त्या बोलल्या. लेक मात्र दुसऱ्याच भीतीने गप्प झाली होती: प्रवेश गेला, व्हिसा गेला, कर्ज मंजूर झालं ते वाया गेलं.

यातलं काहीच खरं नव्हतं. १५ मे रोजी छातीचा एक्स-रे काढला, ४५० रुपये. १९ मे रोजी छातीच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, फी ८००. मधले चार दिवस फार वाईट गेले. त्यांनी लेकीला खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन कमी होणं, घरात कुणाला टीबी, असं सगळं विचारलं. वजन केलं, छाती तपासली, एक्स-रे खिडकीकडे धरून पाहिला. एक्स-रे स्वच्छ होता. मग खुर्ची पुढे ओढून तिच्याशी बोलले, माझ्याशी नाही, हे मला आवडलं. टीबीचे जंतू कधीतरी तिच्या शरीरात गेले आहेत, बसमध्ये, वर्गात, कुठेही. शरीराने त्यांना कोंडून ठेवलं आहे. तिला आजार नाही, तिच्यापासून कुणाला लागण होत नाही, वेगळ्या ताटाची गरज नाही. भारतात २०१९ ते २०२१ या काळात जी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत असा झोपलेला संसर्ग आढळला होता. "या खोलीत आपण तिघं आहोत, तुझ्याशिवाय आणखी कुणाला असेल तर तो बहुधा मीच," डॉक्टर म्हणाले. अशा संसर्गातून आयुष्यात कधीतरी खरा आजार होण्याची शक्यता पाच ते दहा टक्के असते, आणि औषध घेतलं तर ती बरीच कमी होते.

अमेरिकेतली विद्यापीठं हे रोज बघतात. पॉझिटिव्ह आलेल्यांना ती परत पाठवत नाहीत. त्यांना एक्स-रेचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र हवं असतं. पत्रात काय हवं ते लिहून देते: लेटरहेडवर, पासपोर्टवर आहे तसंच नाव, जन्मतारीख, आयजीआरएची तारीख आणि आकडा, एक्स-रेची तारीख आणि निष्कर्ष, कोणतीही लक्षणं नाहीत हे वाक्य, सक्रिय क्षयरोग नाही हे वाक्य, सही, शिक्का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. आम्ही दोन मूळ प्रती घेतल्या.

प्रतिबंधक औषध इथे सुरू करायचं की तिथे, हा प्रश्न होता. आता सुरू केलं तर ऐन प्रवासात आणि पहिल्या महिन्यात औषध चालू राहणार, डॉक्टर बदलणार, आणि मध्येच काही त्रास झाला तर पाहणारं कुणी नाही. आजार नसल्याने घाई नव्हती. तिथल्या आरोग्य केंद्रात एकाच डॉक्टरांकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत घ्यावं, असं ठरलं. ज्यांच्या हातात सहा-आठ महिने आहेत त्यांनी इथेच पूर्ण करून जायला हरकत नाही, असंही ते म्हणाले.

आणि क्रमाचं महत्त्व इथे पुन्हा कळलं. टीबीचा खरा आजार असेल आणि उपचार सुरू नसेल, तर एमएमआर देत नाहीत. म्हणून एक्स-रे स्वच्छ आल्यावर, २१ मे रोजी, तिला एमएमआर दिली. लस आणि टोचण्याची फी मिळून साडेचारशे रुपये. दवाखान्यातल्या सिस्टरनी छोट्या कुपीतल्या कोरड्या भुकटीत पाणी सोडलं, हळूच फिरवलं, आणि कुपीवरचं बॅच नंबरचं चिटकणारं लेबल सोलून कार्डावर लावलं. ते लेबल आवर्जून मागून घ्या.

त्याच दिवशी डॉक्टरांनी एचपीव्हीच्या लसीचाही विषय काढला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी ही लस आता पुण्यात तयार होते, आम्हाला तेव्हा एका डोसला २,००० रुपये पडले. यादीत ती नव्हती. तरी घेतली, आणि मुलगी हाताशी आहे तोवर ती द्यावी असंच मी कुणालाही सांगेन. पंधरा वर्षांनंतर तीन डोस असतात. दोन इथे झाले, तिसरा ती घरी येईल तेव्हा. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात बातमी आली की अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं थांबवलं आहे. लेकीची तारीख अजून मिळालेली नव्हती. मेंदूज्वराची लस सगळ्यात महाग, आणि तीच राहिली होती. घरात प्रश्न निघाला, व्हिसाचं नक्की झाल्यावर घेतली तर? मी नको म्हटलं. लस अंगात राहते, व्हिसा मिळो न मिळो. जूनमध्ये तारखा पुन्हा सुरू झाल्या, तिला जुलैची मुंबईची मिळाली. थांबलो असतो तर ज्या आठवड्यात तिकीट, फॉरेक्स, खरेदी सगळं एकदम आलं, त्याच आठवड्यात लस शोधत फिरलो असतो.

कारण ती शोधावीच लागली. साताऱ्यात तीन औषध दुकानांत विचारलं, कुणाकडे नव्हती. मागवून देतो म्हणाले, पण किती दिवसांत ते सांगेनात. मागताना 'मेंदूज्वराची लस' एवढंच म्हणू नका, मेंदूज्वराचे प्रकार अनेक आणि लसीही वेगवेगळ्या. ए, सी, डब्ल्यू, वाय या चारही प्रकारांवर चालणारी 'मेनिंगोकॉकल काँज्युगेट' लस, असं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. शेवटी पुण्यातल्या एका लसीकरण केंद्रात फोनवर नाव नोंदवलं आणि १३ जूनला सकाळच्या एसटीने गेलो. ५,६०० रुपये. दुकानातून विकत घेऊन साताऱ्याला आणणं आम्ही टाळलं. या लसी दोन ते आठ अंशांत राहाव्या लागतात. ज्यांना आणावीच लागेल त्यांनी थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक घालून आणावी आणि घरी फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नये, गोठली की ती वाया गेली. बरेच डॉक्टर बाहेरून आणलेली लस टोचत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

मग राहिला फॉर्म. विद्यापीठाचा दोन पानी फॉर्म बालरोगतज्ज्ञांनी भरला. मराठी नोंदींची इंग्रजी यादी त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर वेगळी करून दिली, आणि जुन्या कार्डाची रंगीत स्कॅन प्रत सोबत जोडली. २० जूनला सगळं पोर्टलवर चढवलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं, टीडॅप नामंजूर. कारण तारीख भविष्यातली आहे. आपल्या पद्धतीने ०९/०५/२०२५ लिहिलेलं, ते तिकडे सप्टेंबरची पाच तारीख म्हणून वाचलं गेलं होतं. अमेरिकेत महिना आधी लिहितात. यावर एकच उपाय चांगला: फॉर्मवर प्रत्येक तारखेचा महिना अक्षरांत लिहून घ्यायचा. आम्ही सगळ्याच तारखा तशा करून, पुन्हा सही-शिक्का घेऊन, ३ जुलैला परत पाठवलं. ९ जुलैला सगळे रकाने हिरवे झाले. फक्त टीबीपुढे 'आल्यावर भेटा' असा शेरा राहिला, पण नोंदणी खुली झाली.

१० जूनच्या आसपास कागद चढवणं सुरू करता आलं तर उत्तम. ऑगस्ट जवळ आला की तिकडे हजारो मुलांचे कागद एकदम येतात, आणि टेक्सासमध्ये मेंदूज्वराच्या लसीची दहा दिवसांची अट आमच्या सत्रासाठी १५ ऑगस्टलाच संपत होती. शिवाय तिथे पोचल्यावर विमा सुरू होईपर्यंत जे टोचाल त्याचे पैसे डॉलरमध्ये खिशातून जातात.

एकूण खर्च, एचपीव्ही आणि पुण्याचं जाणंयेणं सोडून, डॉक्टरांच्या तपासणी फीसकट चौदा हजारांच्या घरात गेला. यातले जवळपास चार हजार टीबीच्या चाचणीचे, एक्स-रेचे आणि छातीच्या डॉक्टरांचे आहेत. निगेटिव्ह आली असती तर ते कमी लागले असते.

लेक १२ ऑगस्टच्या रात्री गेली. लसींची फाइल सामानात नव्हे, खांद्यावरच्या बॅगेत दिली. एक्स-रेची फिल्म मोठी, म्हणून ती सीडीवर घेतली होती, आणि सगळ्याचे फोटो तिच्या ईमेलवर आणि माझ्या मोबाइलवर. मुंबईत किंवा तिकडे उतरल्यावर कुणीही ती फाइल मागितली नाही. मागणार होतं ते आरोग्य केंद्रच.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या नर्सने तिला बोलावलं. इथलं पत्र आणि सीडी दोन्ही चाललं, एक्स-रे पुन्हा काढावा लागला नाही. यकृताची रक्ततपासणी झाली आणि ८ सप्टेंबरपासून रिफाम्पिसिन सुरू झालं, रोज एकदा, रिकाम्या पोटी, चार महिने. पहिल्याच दिवशी तिचा घाबरून फोन, लघवी केशरी झाली म्हणून. हे औषध घाम, लघवी, डोळ्यांतलं पाणी सगळं केशरी करतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या लेन्सवर कायमचा डाग पडतो, म्हणून ते दिवस चष्मा वापरावा. काविळीसारखं काही, भूक जाणं, सतत मळमळ वाटलं तर लगेच सांगायचं. दुसरं कुठलंही औषध चालू असेल तर तेही आधी सांगायचं, कारण रिफाम्पिसिनमुळे बऱ्याच औषधांचा असर कमी होतो. तिला पहिले पंधरा दिवस सकाळी थोडं मळमळलं, मग सरावली. गोळी घेतली की ती मला केशरी रंगाचा ठिपका पाठवायची. सासूबाई रोज विचारायच्या, "आला का गं ठिपका?"

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोर्स पूर्ण झाला आणि आरोग्य केंद्राने तसं प्रमाणपत्र दिलं. हा कागद जन्मदाखल्याइतकाच जपायचा आहे. औषध पूर्ण झालं तरी आयजीआरए पुढे बहुतेक पॉझिटिव्हच येत राहते, म्हणून ती पुन्हा करायची नाही. पुढे नोकरीत किंवा दुसऱ्या देशाच्या व्हिसासाठी कुणी टीबीचं विचारलं तर हे प्रमाणपत्र आणि एक्स-रे दाखवायचा, आणि गरज पडली तर नवा एक्स-रे काढायचा. मूळ प्रत तिच्याकडे आहे, एक साताऱ्यात त्याच लोखंडी पेटीत, आणि मुलाच्या फाइलमध्ये मी आजच चिठ्ठी टाकली: एमएमआरचा एक डोस बाकी, टीडॅप बाकी, आधी टीबीचं रक्त.